बाजारात सापडलेला विषय

“पाय कुठी थांबले रे?”

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आमचे शास्त्राचे मास्तर वर्गात शिरले की पहिला प्रश्न हाच. आणि तो विचारताना ते आमच्या तोंडाकडे पाहत नसत, खरोखर पायांकडे पाहत. आम्ही बहुतेक सगळे अनवाणी. बाजारातली धूळ, मिरच्यांचे देठ, कुठं शेण, असलं काहीबाही पायांना चिकटलेलं असायचं. जणू पायच तोंड उघडून बोलणार आहेत अशा थाटात मास्तर खाली वाकायचे आणि आम्ही बोटं आखडून घ्यायचो.

आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठे साहेब नागपूरहून यायचे, त्या काळातली ही गोष्ट. मलकापुरात कापसातली सरकी काढणारी जिनं धडधडत होती, कापसाच्या गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत लागायची. आमच्या शाळेत शास्त्र हा विषय त्याच वर्षी नव्यानं सुरू झाला होता, आणि तोही कच्च्या परवानगीवर. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरवायचं, प्रत्येक मुलानं एकेक प्रयोग मांडायचा, इन्स्पेक्टर साहेब येऊन पाहणार आणि मग ठरवणार, विषय ठेवायचा की बंद करायचा. बंद झाला तर आम्हाला दुसरा कुठला तरी विषय मिळाला असता. मास्तरांना मात्र घरी जावं लागलं असतं, कारण त्यांची नेमणूक त्या एका विषयापुरतीच होती. हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. मास्तरांनाही होतं, पण त्यांच्या चालण्याबोलण्यावरून तुम्हाला ते कधी कळलं नसतं.

ते घाटावरच्या दुसरबीडकडचे. उंच, वाळके, मान थोडी पुढं काढून चालणारे. त्यांची बोली मूळची आमच्यापेक्षा वेगळी, पण मलकापुरात राहून तेही ‘कुठी’ आणि ‘काऊन’ म्हणायला लागले होते. उन्हाळा असो, हिवाळा असो, अंगात एक तपकिरी कोट. त्या कोटाच्या खिशांत काय नसायचं! लोहचुंबक, भिंगाचा तुकडा, सुतळी, चिंचोके, आणि काड्यापेटीत एखादा जिवंत भुंगा. फळ्यावर लिहून झालं की खडू कानामागं खोचायचे, सुतार पेन्सिल खोचतो तसा. मग तो तिथंच राहायचा. संध्याकाळी बाजारात भाजी घेताना मास्तरांच्या कानामागं खडू दिसला की भाजीवाल्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

हेडमास्तर भले गृहस्थ होते, पण त्यांना काळजी करण्याची सवय होती. त्यांनी मुंबईच्या एका दुकानाचं चित्रांचं पुस्तक मिळवलं होतं. त्यात वाफेचं इंजिन, विजेची घंटा, पाण्यानं फिरणारं चाक, सगळं तयार मिळत होतं.

“दोन-तीन मागवून घेऊ,” ते एकदा आमच्या वर्गातच येऊन म्हणाले. “साहेबांवर छाप पडेल. मुलांनी फक्त पाठ करून सांगायचं.”

“इंजिन छान आहे, सर,” मास्तर म्हणाले. “पण तो मुंबईच्या दुकानदाराचा प्रयोग झाला. पोराचा कोणता?”

“अहो, विषय टिकला तर पोराचा प्रयोग होईल ना पुढं!”

“मुलांचे पाय एकदा बाजारात फिरवून आणतो. मग बघू.”

हेडमास्तरांना यातलं काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी मास्तरांनी आम्हाला सोडून दिलं. अट एकच होती, जवळ पैसा न्यायचा नाही. “पैसा असला की पाय नाही थांबत, खिसा थांबते,” ते म्हणाले. “नुसतं फिरा. कोणी सांगितलं नाही, बोलावलं नाही, तरी पाय जिथी आपोआप थांबतील, ते मले उद्या सांगा. तोच तुमचा विषय.”

विषय निवडण्याची अशी तऱ्हा मी पुढं कॉलेजातही कुठं पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी मोतीलाल उभा राहिला. त्याच्या वडिलांची रुईची आडत होती. वाफेच्या इंजिनाचे पैसे द्यायला ते तयार होते, इतकंच नाही, ‘इंजिन माझा मोतीलालच चालवेल’ असं त्यांनी हेडमास्तरांना सांगूनही टाकलं होतं.

“पाय कुठी थांबले?”

मोतीलाल लाल झाला. “भज्यांच्या कढईपाशी, मास्तर.”

सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. “किती वेळ?”

“लय वेळ. भजेवाला म्हणे, घ्यायचं नसन तर पुढं सरक.”

“खायची इच्छा होती?”

“ते तर होतीच. पण मास्तर, भजं टाकलं की बुडते. मंग थोड्या वेळानं वरतं येते. आतून कोणी ढकलते काय त्याले?”

मास्तरांनी डोळे मिटले. काही आवडलं की ते असे डोळे मिटायचे, अत्तर हुंगल्यासारखे. “मोतीलाल,” ते म्हणाले, “तुह्या बापाले सांग, इंजिन नको. बेसन पाहिजे.”

रहमान पिंजाऱ्याचा. त्याचं घर बाजाराच्या तोंडाशीच. तो म्हणाला, “मेरे पाय तो घरीच थांबले, मास्तर. अब्बा गादीचा कापूस पिंजून राह्यले होते. पिंजणाची तात सैल केली की आवाज जाडा येते, कसली की बारीक. अब्बा बिना देखे सांगतात, तात किती कसायची ते.”

“आवाजावरून?”

“हाव. अन् मी बी सांगतो.” हे सांगताना तो थोडा ताठ झाला.

“बस खाली. तुहा विषय झाला.”

असे एकेकाचे विषय ठरत गेले. कोणाचे पाय नालबंदापाशी, कोणाचे काचेच्या बांगड्या विकणारीपाशी. मग माझी पाळी आली.

“कुठीच नाई थांबले, मास्तर,” मी म्हणालो.

आणि ते खरंच होतं. मी पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यातल्या एका लहान गावातून मलकापूरला बोर्डिंगात राहायला आलेलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. शास्त्र म्हणजे काचेची नळी, तांब्याची तार, पुस्तकातली आकृती, असंच मला वाटायचं. बाजारात असलं काही नव्हतं, म्हणून मी नुसता फिरून आलो होतो.

“मले विजेची घंटा करायची हाय,” मी पुढं म्हणालो. “पुस्तकात हाय.”

“घंटा वाजली की तुले काय वाटते?”

“काही नाई. जेवाची सुट्टी झाली, असं वाटते.”

“मग ते पुस्तकाचं हाय. तुहं नाही.” ते रागावले नाहीत. “पुढच्या बाजाराले अजून फिर.”

पुढच्या बाजारीही तेच झालं. सगळ्यांचं काम सुरू झालं होतं. मोतीलाल घरून बेसन आणून पिठाचे गोळे पाण्यात बुडवून बघत होता आणि रहमाननं लाकडाच्या फळीवर तारा ताणल्या होत्या. मी एकटाच रिकामा. हेडमास्तर वर्गाच्या दारातून बघायचे आणि त्यांची नजर नेमकी माझ्यावर येऊन थांबायची. शेवटी त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं. दार उघडंच होतं.

“साहेब प्रत्येक मुलाला विचारतात. हा एक मुलगा गप्प राहिला तर तेवढंच लिहितील. त्याला पाठ करून काहीतरी द्या. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, माझ्या नाही.”

“एक बाजार अजून थांबू, सर.”

मला रडू आलं. माझ्या पायांमुळं मास्तरांची नोकरी जाणार, असं मी धरूनच चाललो.

तिसऱ्या बाजारी मी जीव तोडून फिरलो. काचवाल्यापाशी मुद्दाम थांबलो, घड्याळवाल्यापाशी थांबलो, पण थांबवलेले पाय आणि थांबलेले पाय यातला फरक मलाही कळत होता. फिरता फिरता पाणपोईवर पाणी प्यालो. पुढं हॉटेलाच्या माठातलं प्यालो. मग जिनामागच्या विहिरीवर गेलो, तिथं बैलांना पाणी पाजणाऱ्या गाडीवानाच्या बादलीतून ओंजळभर घेतलं आणि बराच वेळ तोंडात धरून उभा राहिलो.

“किती तहान लागते रे तुले?”

मागं मास्तर उभे. हातात भाजीची पिशवी, कानामागं खडू. ते पाणपोईपासून माझ्या मागं होते.

“तहान नाई लागत, मास्तर.”

“मग काऊन पीत सुटला गावभर?”

“चव पाह्यतो.”

“कशाची?”

मला वाटलं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. “पान्याची. पाणपोईचं गोड हाय, पण त्याले गाळाचा वास हाय. हॉटेलातलं नळाचं हाय, ते स्टेशनाकडून येते. हे जिनामागचं थोडकं खारं हाय. आमच्या गावच्या विहिरीइतकं नाई, पण जवळपास जाते.” मग खाली बघून मी सांगून टाकलं, “घरची आठवण आली की मी इथं येऊन पितो.”

मास्तर तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसले. पिशवीतली वांगी घरंगळून खाली गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“तुह्या गावचं पाणी किती खारं?”

“आमच्याकडं डाळच शिजत नाई त्याच्यात. किती लाकडं जाळा, दाणा तसाच राह्यते. माय म्हणते, डाळीचं अन् आपल्या विहिरीचं वैर हाय. साबनाले फेस येत नाई. पावना आला तर दोन कोसावरून, नदीच्या झिऱ्यावरून गोड पानी आणतात. घरच्याले खारं, पावन्याले गोड.”

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत उकरलेला खड्डा. त्यात वाळूतून गाळून आलेलं पाणी साचतं. आमच्या भागात असा झिरा ज्याच्या वाटेवर त्याचं नशीब मोठं.

“आणि हे सगळं तू जिभेनं ओळखतो?”

“गावात समदेच ओळखतात. मी जरा जास्त.”

मास्तरांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग एकदम उठले. “चाल स्टेशनावर!”

स्टेशनावर तेव्हा पाण्याचे दोन माठ असायचे, एकावर हिंदू पाणी, एकावर मुसलमान पाणी. मास्तरांनी विचारलं, “इथलं प्यालास कधी?”

“प्यालो.”

“कोणतं?”

मी इकडंतिकडं बघितलं. “दोन्ही.”

“मग? फरक काय?”

“काहीच नाई. एकाच नळाचं हाय.”

मास्तर इतके हसले की त्यांना कोटाच्या बाहीनं डोळे पुसावे लागले. हमाल थांबून बघायला लागले. “हे प्रदर्शनात नाही मांडायचं हं, बाप्पा,” ते हळूच म्हणाले. “पण तुही जीभ पक्की हाय.”

त्यानंतर मला झोप येईना, पण ती आनंदानं. मास्तरांनी मला शिकवलं ते असं: लोखंडी पत्र्यावर थोडं थोडं पाणी घालून आटवायचं. गोड पाण्याचा डाग पुसट राहायचा. आमच्या गावच्या पाण्याचं पांढरं शुभ्र कडं उमटायचं, रांगोळीच्या कणीसारखं. “हे जे मागं राह्यलं ना, तेच तुह्या मायच्या डाळीचा वैरी,” मास्तर म्हणाले. मी ते कडं बोटानं खरवडून जिभेला लावलं. आमचं गाव त्या बोटावर होतं.

प्रदर्शनासाठी ठरलं ते साधंच. बाटल्यांत वेगवेगळ्या ठिकाणांचं पाणी, पुढं पत्र्यावरची कडी, आणि दोन शेगड्यांवर दोन सारखे गंज, म्हणजे पातेली. एकात मलकापूरच्या नळाचं पाणी, एकात आमच्या गावच्या विहिरीचं. दोन्हींत सारखीच तुरीची डाळ. साहेब येईपर्यंत एकातली शिजणार, दुसऱ्यातली नाही. सुट्टीत घरून आणलेल्या पाण्यावर आम्ही ते आधी करून पाहिलं होतं आणि बरोबर जमलं होतं. पण त्या दिवशी जास्त पाणी लागणार होतं. म्हणून मी बाबांना निरोप धाडला, की गाडीनं दोन घागरी पाणी घेऊन या, मोठा साहेब बघायला येणार आहे.

बाबा आले. डोक्याला धुवट पागोटं, आणि गाडीत गवताच्या चुंबळीवर दोन घागरी. घागरी चिंचेनं इतक्या घासलेल्या की त्यांत तोंड दिसावं. घागरींच्या तोंडाला पांढरं धोतराचं फडकं बांधलेलं. मी घाईत होतो. पाणी गंजात ओतलं, डाळ टाकली, शेगडी फुंकायला बसलो. बाबा व्हरांड्याच्या कोपऱ्यात खांबाला टेकून उभे राहिले आणि कोणी बघितलं की नमस्कार करायला लागले, शिपायालासुद्धा.

इन्स्पेक्टर साहेब आले. गोरे नव्हते, नागपूरकडचेच कोणी होते, पण डोक्यावर टोप आणि तोंडावर हसू नाही. मोतीलालनं भजं तळून दाखवलं, आतल्या पाण्याची वाफ होते, भजं हलकं होतं, म्हणून वर येतं, हे सांगितलं. साहेबांनी भजं तोडून आतली जाळी बघितली आणि खाऊनही टाकलं. हेडमास्तरांचा जीव जरा भांड्यात पडला. रहमाननं साहेबांकडं पाठ करून, मास्तरांनी छेडलेल्या तारा कोणती सैल, कोणती कसलेली, ते ओळखून दाखवलं. साहेब “हूं” म्हणाले. मग ते माझ्यापुढं आले.

मी पाठ केलेलं धडाधड म्हटलं. “या गंजात गोडं पाणी आहे, यातली डाळ मऊ झाली आहे. या गंजात खारं पाणी आहे, यातली डाळ, आपण पाहू शकता, अजून दाण्यासारखी…”

मी पळी घातली. डाळ लोण्यासारखी मऊ. दुसऱ्या गंजात घातली, तीही तशीच. दोन्ही गंज तसेच रटरटत होते.

मोतीलालच्या कढईचा चुर्र आवाज तेवढा येत होता. हेडमास्तरांनी कपाळ पुसलं.

“तर मग काय सिद्ध झालं?” साहेबांनी विचारलं.

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांची नोकरी त्या पळीत होती, आणि ती दोन्ही गंजांत विरघळलेली होती. त्यांनी मला खूण केली नाही, काही सुचवलं नाही. ते साहेबांना इतकंच म्हणाले, “साहेब, प्रयोग खोटं बोलत नाही. कुठं तरी आमचंच काही निराळं झालं असेल. मुलाला शोधायला थोडा वेळ द्या.”

“वेळ नाही हो साहेबांना,” हेडमास्तर पुटपुटले.

तोंड कोरडं पडलं होतं. मी बाबांच्या घागरीतलं पाणी गडूत घेतलं आणि प्यालो, खरं म्हणजे तहान लागली म्हणून. आणि पहिल्या घोटालाच पाठ केलेली भाषा माझ्या तोंडून पळून गेली.

“हे आपल्या विहिरीचं नाई! हे नदीच्या झिऱ्याचं हाय!” मी ओरडलो. “बाबा, हे कुठचं पानी आणलं तुमी?”

सगळ्यांच्या माना खांबाकडं वळल्या. बाबा हात जोडून पुढं आले. त्यांना वाटलं, पाण्याची वाखाणणी होऊन राहिली आहे.

“झिऱ्याचंच आणलं, बाप्पा! कोंबड्याच्या आधी गाडी जुपली,” ते कौतुकानं म्हणाले. “एवढा मोठा सायेब येनार, अन् त्याच्यापुढं आपन आपलं खारं पानी ठेवावं? लोकं काय म्हनतीन? गावाची काही इज्जत हाय का नाई?”

आधी मास्तर हसले. मग मोतीलाल, मग सगळे. साहेबांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

“तू हे नुसतं पिऊन सांगितलंस?” त्यांनी मला विचारलं.

“हाव. म्हणजे, हो, साहेब.”

“पाठ फिरव.”

मी भिंतीकडं तोंड केलं. मागं बाटल्यांचा आवाज झाला. एकेक गडू माझ्या हातात आला आणि मी सांगत गेलो, हे पाणपोईचं, हे जिनामागचं, हे नदीचं. मग एक गडू आला, त्याला मी थांबलो. पुन्हा एक घोट घेतला.

“हे एका जागचं नाई, साहेब. जिनामागचं अन् नळाचं कोणी एकत्र केलं.”

“मीच केलं,” साहेब म्हणाले. आता ते स्वतःच बाटल्या भरत होते आणि टोप टेबलावर काढून ठेवलेला होता. “आणि हे?”

“स्टेशनाचं.”

“बरोबर. स्टेशनावर तर दोन माठ असतात. यातलं हिंदू पाणी की मुसलमान पाणी?”

त्यांनी ते गमतीनं विचारलं असावं. मी हळूच मागं बघितलं. मास्तर छताकडं बघत होते. रहमान माझ्याकडं बघत होता.

“ते चवीला कळत नाई, साहेब,” मी म्हणालो.

हातातला गडू साहेबांनी स्वतः तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला. मग मला म्हणाले, “आता ते पत्र्यावरचं पांढरं काय आहे, ते सांग.” ते मात्र मी न अडखळता सांगितलं, कारण ते पाठ केलेलं नव्हतं.

जाताना त्यांनी मास्तरांना विचारलं, “हे विषय कोणत्या पुस्तकातून काढले?”

“बाजारातून, साहेब,” मास्तर म्हणाले.

दोन्ही गंजांतली डाळ वाया कशी घालवायची? मास्तरांच्या घरून भाकरी आल्या, मोतीलालची भजी होतीच. आम्ही सगळे व्हरांड्यात पंगत करून बसलो. बाबा बसेनात. त्यांना आता उमगलं होतं की आपल्याकडून काही बिघडलं आहे.

“माह्यापायी पोराचं इस्कटलं ना, मास्तर?”

मास्तरांनी त्यांचा हात धरून आपल्या शेजारी बसवलं. “तुम्ही खारं आणलं असतं, तर डाळ शिजली नसती, पोरानं पाठ केलेलं म्हटलं असतं, आणि साहेब पुढं गेले असते,” ते म्हणाले. “वाढा अजून. झिऱ्याच्या पाण्याची डाळ मी कधी खाल्ली नव्हती.”

शिमग्यानंतर कळलं, विषय कायम झाला. मास्तरही कायम झाले. हेडमास्तरांनी पेढे वाटले आणि ‘मला खात्री होतीच’ असं सगळ्यांना सांगितलं. मास्तरांनी ते नाकारलं नाही. उलट पेढा खाताना मान डोलवली.

तेव्हापासून बाबांनी एक नेम धरला. मलकापूरच्या बाजारी यायचं झालं की गाडीत एक घागर झिऱ्याच्या पाण्याची, मास्तरांसाठी. मलकापुरात गोड्या पाण्याची काही टंचाई नव्हती. मास्तरांच्या दारापुढं नळ होता. मी बाबांना एकदा ते सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, “नळाचं पानी सरकार देते. हे मी देतो.” मास्तरही कधी ‘कशाला’ म्हणाले नाहीत. घागर आली की ते स्वतः उचलून आत न्यायचे, त्यांच्या बाईंना हात लावू द्यायचे नाहीत, आणि बाबांपुढं त्याच पाण्याचा चहा यायचा.

मी मॅट्रिक झालो, नागपूरला कॉलेजात गेलो, रसायन घेतलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून माझा जो काही मान आहे, त्यातला किती माझा आणि किती मास्तरांचा, याचा हिशेब मी कधी मांडला नाही, आणि तुम्हीही मांडू नका. मोतीलाल आडत सांभाळतो. रहमान नागपूर-मुंबईकडं गाणाऱ्यांची वाद्यं दुरुस्त करतो. मास्तर पुढं वारले, ते मला बऱ्याच उशिरानं कळलं. त्यांची तब्येत आधीपासून बरी नव्हती, असं सांगणारा म्हणाला. आम्हाला तर ती कधी बरी नसल्याची दिसली नाही.

पण ते वारल्याच्या बातमीनं मला ते गेलेले वाटत नाहीत. ते गेले ते आधीच, मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा. बाजारचा दिवस होता. मी बाबांबरोबर गाडीत बसलो. घागर होतीच. मास्तरांच्या दारात गाडी थांबवली, तर ओसरीवर अनोळखी धोतरं वाळत होती. आतून एक तरुण गृहस्थ आले. नवे मास्तर. त्यांनी सभ्यपणानं सांगितलं, की आधीच्या मास्तरांची बदली झाली, अचानक हुकूम आला, घाटावर त्यांच्या गावाकडंच कुठं तरी. गडबडीत गेले.

“आपलं काही काम होतं?” त्यांनी विचारलं.

बाबांनी घागरीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. “नाई, काम कसलं,” ते म्हणाले आणि गाडी वळवली.

बाजार केलाच नाही आम्ही. परत येताना रस्त्यात दोनदा बैल थांबले तरी बाबांनी हाकललं नाही. घरी मायनं भरली घागर उतरताना पाहिली आणि विचारलं, “काऊन, वापस आणलं?”

“पावने नाई भेटले,” बाबा म्हणाले.

मायनं फडकं सोडलं, ते पाणी चुलीवर ठेवलं आणि तुरीची डाळ टाकली. पावना कोणी नसताना आमच्या घरी त्या संध्याकाळी डाळ लवकर शिजली.